टकलावरचे ठिपके : कुणाला शोभतील, कुणी थांबावे

पुण्या-मुंबईतच नव्हे, नाशिक-नागपुरातही केसांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर अलीकडे एक नवी ओळ दिसू लागली आहे : स्कॅल्प मायक्रोपिगमेंटेशन. बोलताना लोक ‘एसएमपी’ म्हणतात, किंवा सरळ ‘हेअर टॅटू’. डोक्याच्या कातडीत बारीक सुईने रंगाचे हजारो ठिपके टोचायचे. नुकतीच मशीन मारलेल्या डोक्यावर केसांचे खुंट दिसतात, तसा भास त्यातून तयार होतो. केस मात्र एकही उगवत नाही आणि उगवेल असे कुणी म्हणतही नाही.

टकलाच्या बाजारात इतके माफक आश्वासन विरळाच. भारतीय औषध नियमांच्या ‘अनुसूची जे’ मध्ये ज्या आजारांवर उपाय असल्याचा दावा औषधाला करता येत नाही अशांची यादी आहे, आणि तिच्यात टक्कलही आहे. तरी तेलाच्या बाटल्यांवरची भाषा काय असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मानाने ठिपक्यांचा धंदा सरळ वाटतो. पण ‘हे मला चालेल का?’ असा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञाला, प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनला आणि ठिपके टोचणाऱ्या कलाकाराला विचारला, तर तिघांची उत्तरे वेगळी येतात. ती वेगळी का येतात, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

पट्टी, औषध, रोवणी

पुरुषांचे टक्कल आणि संप्रेरके यांचा संबंध स्पष्ट केला तो अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते किंवा काढले गेले होते, अशा पुरुषांचा त्यांनी 1940 च्या दशकात अभ्यास केला. त्यांना टक्कल पडत नव्हते. मात्र घराण्यात टक्कल असलेल्यांना पुरुषी संप्रेरक दिले की पडू लागे. हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये टकलाच्या अवस्था मांडल्या आणि 1975 मध्ये ओ’टार नॉरवुड यांनी त्यांत सुधारणा केली. ‘नॉरवुड तीन’, ‘नॉरवुड पाच’ हे शब्द आज दवाखान्यात सर्रास ऐकू येतात ते तिथून आले. पहिल्या अवस्थेत कपाळावरची रेषा जागेवर असते. सातवीत कानापासून कानापर्यंत मागे एक पट्टा तेवढा उरतो. बायकांची केसगळती या मोजपट्टीत बसत नाही. त्यांच्यात बहुधा पुढची रेषा टिकते आणि भांग रुंदावत जातो. त्यासाठी 1977 मध्ये एरिक लुडविग यांनी वेगळी तीन पायऱ्यांची पट्टी दिली.

औषधे आली ती आडवाटेने. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसले आणि 1988 मध्ये अमेरिकेत तिचे डोक्याला लावायचे द्रावण मंजूर झाले. टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणाऱ्या विकराला फिनास्टेराइड रोखते; त्याची 1 मिलिग्रॅमची गोळी 1997 मध्ये आली. दोन्ही औषधांचा गुण दिसायला महिने लागतात आणि ती बंद केली की गुण ओसरतो. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, आणि आत्मघाताचे विचार हाही त्याचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध नियामकाने 2025 मध्ये मान्य केले. गोळी नको म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणून सुईकडे वळतात.

तिसरा मार्ग प्रत्यारोपणाचा. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइख यांनी 1952 मध्ये डोक्याच्या मागच्या बाजूचे केस पुढे लावून पाहिले. ते पुढेही टिकले, कारण मागच्या केसांचा चिवटपणा त्यांच्यासोबत येतो. सुरुवातीला कातडीचे जाड गोळे लावत. पुढे मागची एक पट्टी कापून तिच्यातून केस वेगळे काढू लागले. आणि 2002 मध्ये विल्यम रॅसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक केशपुंज अलगद काढण्याची ‘एफयूई’ पद्धत मांडली. तंत्र कितीही सुधारले तरी मूळ अडचण कायम राहिली. प्रत्यारोपणात नवे केस तयार होत नाहीत, जुन्यांची जागा बदलते. मागचा साठा मर्यादित असतो आणि तो काढताना खुणा उरतात. पट्टी कापली तर एका कानापासून दुसऱ्यापर्यंत पांढरी रेघ, एफयूई केले तर पांढरे ठिपके.

वैद्यकीय नियतकालिकांत ठिपके टोचण्याचा विषय आला तो या खुणा झाकण्याच्या निमित्ताने. टाळूच्या शस्त्रक्रियेला पूरक म्हणून सूक्ष्म रंगभरणीवर ट्राकिना यांचा लेख 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2013 आणि 2015 मध्ये या तंत्रावर सविस्तर लिहिणाऱ्यांत होते तेच रॅसमन, एफयूईवाले. ज्यांनी केस काढण्याची पद्धत दिली त्यांनाच तिच्या मर्यादा झाकण्याच्या पद्धतीवर लिहावे लागले, ही गोष्ट बोलकी आहे. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये, बर्मिंगहॅममध्ये, हेच तंत्र वेगळ्या वाटेने वाढत होते. तिथे सर्जन नव्हते. पूर्ण डोके तासायचे आणि त्यावर केसांच्या खुंटांचा देखावा उभा करायचा, असा तो सलूनच्या अंगाने गेलेला व्यवसाय. एकाच तंत्राला अशी दोन माहेरे मिळाली. आजच्या बऱ्याच वादांचे मूळ तिथे सापडते.

कातडीत काय होते

तत्त्व म्हणून हे महाराष्ट्राला नवे नाही. जत्रेत हातावर नाव गोंदून घेणे, हनुवटीवर तीन ठिपके, मनगटावर तुळस, हे सगळे तेच तंत्र. जुन्या गोंदणाकडे नीट पाहिले की एसएमपीची सर्वांत मोठी भीतीही समजते. काजळीने काळे गोंदलेले ठिपके चाळीस वर्षांनी हिरवट-निळे दिसतात. कार्बनचे कण कातडीत खोल बसले की वरच्या थरांमधून परत येणाऱ्या प्रकाशात निळी छटा वरचढ होते. हातावरच्या तुळशीला ती खुलूनही दिसते; कपाळावरच्या ‘केसांना’ नाही.

म्हणून डोक्यावर टोचताना कोळशासारखा काळा रंग टाळून करड्या छटा वापरतात, सुई अतिशय बारीक असते आणि रंगही थोडा असतो. खरी परीक्षा खोलीची. कातडीचा सर्वांत वरचा थर सतत झडत असतो. रंग तिथेच राहिला तर काही आठवड्यांत निघून जातो. जास्त खोल गेला तर ठिपका फुटल्यासारखा पसरतो, निळसर होतो आणि केसाच्या खुंटाऐवजी डाग दिसतो. मधली योग्य पातळी मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. त्यात डोक्याची कातडी सगळीकडे सारखी नाही : कानशिलाजवळ पातळ, मागच्या बाजूला जाड, जुन्या व्रणावर कडक. हात बसलेला माणूस दर इंचाला दाब बदलतो. न बसलेला बदलत नाही, आणि फरक लगेच दिसतो असेही नाही. सहा महिन्यांनी दिसतो.

टोचलेला रंग आत कसा टिकतो, याचे एक सुंदर उत्तर फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दिले. त्वचेतल्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या मेल्या की कण सुटतात आणि शेजारच्या नव्या भक्षक पेशी ते पुन्हा गिळतात. रंग जागेवर आहे असे बाहेरून वाटते, आत मात्र तो सतत हातोहात जात असतो. थोडा थोडा रंग वाहूनही जातो, त्यावर ऊन पडते, आणि म्हणून काही वर्षांनी पुन्हा हात फिरवावा लागतो.

काम सहसा दोन ते चार बैठकांत होते. दोन बैठकांमध्ये आठवडा-दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात, कारण पहिल्या बैठकीतला काही रंग बसतो, काही उडतो, आणि किती उरला ते पाहूनच पुढचे ठिपके टाकावे लागतात. पहिले काही दिवस लाली, बारीक खपल्या. घाम, ऊन, पोहणे आणि शांपू यांना सुट्टी. कोकणात किंवा मुंबईत मे महिन्यात हे पथ्य पाळायचे म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

आधी विचारायचे ते : केस गेले कशाने?

या विषयावरचा सगळ्यांत मोठा घोळ इथे होतो. ग्राहक ‘केस गेले’ म्हणतो आणि समोरचा जागा मोजायला लागतो. पण केस जाण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, आणि ठिपक्यांची लायकी तऱ्हेवर ठरते.

सगळ्यांत सोपी गोष्ट आनुवंशिक टकलाची, तीही पुढच्या अवस्थेतली. वय चाळिशीच्या आसपास किंवा पुढे, नॉरवुडची पाचवी-सहावी-सातवी अवस्था, बऱ्याच वर्षांत फारसा बदल नाही आणि माणूस आधीपासूनच बारीक मशीन मारतो आहे. इथे उरलेले केस आणि ठिपके एकाच लांबीचे दिसतात. म्हणून भास जमतो. सर्जन आणि कलाकार, दोघांचेही यावर फारसे दुमत नाही. प्रत्यारोपणाच्या पांढऱ्या रेघेबद्दलही तसेच, फक्त व्रणाच्या कातडीवर रंग लहरीपणे बसतो हे आधी सांगायला हवे. कधी धरतच नाही, कधी पसरतो. म्हणून जाणते लोक आधी थोड्या जागेवर टोचून महिनाभर वाट पाहतात.

दुसऱ्या टोकाला अशी गळती आहे जिथे ठिपक्यांचा विचारच चुकीचा. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. कोविडनंतर हे लाखो घरांनी पाहिले. मुळे शाबूत असतात आणि कारण दूर झाले की केस बहुतेकदा परत येतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याचे उदाहरण ताजे आहे. 2024 च्या अखेरीस आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या अनेक गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडले. राज्य व केंद्राची पथके आली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. त्यावर वादही झाला. कारणाचा निकाल काहीही लागो, बऱ्याच लोकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. त्या दिवसांत कुणी घाबरून ठिपके टोचून घेतले असते, तर उगवत्या केसांखाली कायमची शाई राहिली असती.

चाई या दोन टोकांच्या मध्ये बसते. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि गोल, गुळगुळीत चट्टे पडतात. ती लहरी आहे : एक चट्टा भरतो, दुसरा पडतो, कधी डोके पूर्ण जाते. मुळे मेलेली नसल्यामुळे केस केव्हाही परतू शकतात आणि परतताना सुरुवातीला पांढरेही येऊ शकतात. पांढऱ्या केसांखाली काळे ठिपके कसे दिसतील याची कल्पना करावी. शिवाय तीव्र चाईसाठी आता गोळ्या आहेत. बॅरिसिटिनिबला अमेरिकेत जून 2022 मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली, पुढच्या वर्षी रिटलेसिटिनिबला. त्यामुळे चाईत त्वचारोगतज्ज्ञांचा कल ‘आधी उपचार, मग बघू’ असा असतो. कलाकारांचे म्हणणे वेगळे. वर्षानुवर्षे पूर्ण डोके आणि भुवया गेलेल्या माणसाला ‘थांबा’ म्हणणे सोपे, पण त्याने रोज आरशात काय पाहायचे? हा मुद्दाही खोटा नाही. पुष्कळ काळ स्थिर असलेल्या पूर्ण टकलात ठिपके उपयोगी पडल्याचे अनुभव आहेत. मात्र चट्टे फिरते असताना ते टाळावेत, यावर दोन्ही बाजू बऱ्याच अंशी जुळतात.

व्रण पाडणाऱ्या केसगळतीचा प्रकार कमी ऐकिवात, पण जास्त धोक्याचा. लायकन प्लॅनोपिलॅरिस, तसेच 1994 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्हन कोसार्ड यांनी वर्णन केलेला, मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांत कपाळाची रेषा मागे नेणारा प्रकार, यांत दाहामुळे मुळे कायमची मरतात. दाह चालू असताना सुई टोचणे म्हणजे आगीत तेल ठरू शकते, आणि खाज, लाली, खवले झाकले गेल्याने आजार पुढे सरकल्याचे उशिरा कळते. दाह शांत होऊन बराच काळ गेला असेल, तर मात्र याच रुग्णांना ठिपक्यांचा चांगला आधार मिळतो, कारण तिथे केस परत येणार नसतात आणि व्रणाच्या कातडीत प्रत्यारोपणही धड टिकत नाही.

बायकांची गोष्ट स्वतंत्र आहे. त्यांना डोके तासायचे नसते. लांब केसांच्या मधून चमकणारी टाळू गडद करायची असते. भांग रुंद झाला आहे, पण आजूबाजूला पुरेसे केस आहेत, अशा वेळी सावलीसारखे ठिपके चांगले काम करतात आणि रोजची केसांची पावडर वाचते. केसच फार विरळ झाले असतील तर उरते ती रंगवलेली सपाट टाळू. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, पाळीच्या तक्रारी हे सगळे पाहून घेणे आलेच. आपल्याकडे रक्तक्षय इतका सर्रास आहे की केसांच्या तक्रारीत लोहाची तपासणी वगळून थेट सुईकडे जाणे अविचाराचे ठरते.

मग उरतात विशी-पंचविशीतले तरुण. मागणी त्यांचीच सर्वांत मोठी, आणि याच वयात सर्वांत जास्त सावधगिरी हवी. त्यांची गळती अजून चालू असते. शेवटी कुठे थांबेल ते माहीत नसते. पुढची रेषा त्यांना सोळाव्या वर्षी होती तिथे, तीही अगदी सरळ हवी असते. पाच वर्षांनी मागचे केस आणखी गेले की ठिपक्यांचे बेट एकीकडे आणि खरे केस दुसरीकडे, अशी विचित्र स्थिती येते. या वयात आधी औषधाने गळती थोपवता येते का ते पाहावे आणि वर्षभराने फोटो ताडून ठरवावे, हे सर्जनांचे म्हणणे या लेखकाला जास्त पटते.

कुठे एकमत नाही

पहिला वाद नावापासून सुरू होतो : हा उपचार की शृंगार? सर्जन मंडळी त्याला झाकणारा उपाय म्हणतात, कलाकार ‘केसगळतीवरचा उपाय’ म्हणतात. प्रकाशित संशोधन दोघांनाही पूर्ण साथ देत नाही. जे आहे ते मुख्यतः थोड्या रुग्णांच्या मालिकांचे, फोटोंचे आणि ‘समाधानी आहात का’ या प्रश्नाच्या उत्तरांचे. कोरियात 2014 मध्ये, अमेरिकेत 2013 आणि 2015 मध्ये आलेले लेख चांगले निकाल सांगतात. पण ते बहुधा काम करणाऱ्यांनीच लिहिलेले आहेत आणि पाठपुरावा दहा-पंधरा वर्षांचा नाही. औषधांच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात, तशा चाचण्यांची परंपरा इथे नाही.

दुसरा वाद रंगाच्या आयुष्याचा. इटलीत मिलानमध्ये रुजलेली ‘ट्रायकोपिगमेंटेशन’ शाखा शरीरात विरघळत जाणाऱ्या रंगाचा पुरस्कार करते : माणसाचे वय, केसांचा रंग, आवड, सगळे बदलते, तर ठिपके कायमचे का? टिकाऊ रंगाचे समर्थक म्हणतात की दर वर्षी-दीड वर्षाने पुन्हा टोचणे म्हणजे खर्च आणि जखम, दोन्ही पुन्हा. पहिल्यांदाच करणाऱ्या आणि मनात धाकधूक असलेल्या माणसाला तात्पुरता रंग परवडतो. ज्याचा निर्णय पक्का आहे त्याला टिकाऊ. पण ‘तात्पुरता’ म्हणून विकलेला प्रत्येक रंग खरोखर पूर्ण जातोच, याची हमी कुणी देत नाही.

तिसरा वाद हातांचा. सुई डॉक्टरने धरावी की कलाकाराने? डॉक्टरला त्वचेचे आजार ओळखता येतात, जंतुसंसर्ग टाळण्याची शिस्त असते; पण हजारो ठिपके एका घनतेने, ओळ न दिसू देता टाकणे हे चित्रकाराच्या हाताचे काम आहे, आणि ते शिकायला वर्षे लागतात. प्रत्यक्षात बऱ्याच दवाखान्यांत डॉक्टरचे नाव पाटीवर आणि सुई सहायकाच्या हातात असते. निदान डॉक्टरकडून आणि टोचणी मुरलेल्या कलाकाराकडून, ही विभागणी कागदावर सुरेख दिसते. ती पाळली जाते की नाही, हे तपासणारी यंत्रणा मात्र कच्ची आहे.

शाई, सुई आणि कायदा

प्रत्यारोपणाबाबत देश थोडा जागा झाला तो मृत्यूंमुळे. मुंबईत 2019 मध्ये एका व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला. दिल्लीतल्या अशाच एका घटनेनंतर 2022 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने नियमांची गरज बोलून दाखवली. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या : कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून प्रत्यारोपण शिकणे पुरेसे नाही, ते प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे. ठिपके टोचणे याच्या बरोबर सीमेवर पडते. शस्त्रक्रिया म्हणावी तर ती नाही, साधी केशरचनाही नाही.

शाईची स्थिती आणखी मजेशीर. युरोपीय संघाने 4 जानेवारी 2022 पासून गोंदणाच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही, तरीही तिथे गोंदण जोरात चालते. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या 2024 मधल्या अभ्यासात गोंदण असलेल्यांत लिम्फोमाचा धोका 21 टक्के जास्त आढळला. पण गोंदण जितके मोठे तितका धोका जास्त, असे नाते दिसले नाही, त्यामुळे या आकड्यावरून ठाम निष्कर्ष काढायला संशोधकही तयार नाहीत. घाबरण्याइतके ते नाही. दुर्लक्ष करण्याइतकेही नाही.

रोजच्या व्यवहारातले धोके जास्त स्पष्ट आहेत. सुई आणि रंगाची वाटी प्रत्येक ग्राहकाला नवी नसेल तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतात. भारतातल्या रक्तपेढ्या गोंदणानंतर बारा महिने रक्त घेत नाहीत ते याचसाठी. सोरायसिस, कोड किंवा लायकन प्लॅनस असलेल्यांच्या कातडीला जखम झाली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो. ज्यांच्या जखमा फुगून गाठीसारख्या वाढतात त्यांनी, मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नये. काम बिघडले तर लेझरने रंग काढता येतो, हे खरे. पण गव्हाळ-सावळ्या कातडीवर लेझरने काळे-पांढरे डाग पडण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असतो, आणि लोहाचे किंवा टायटॅनियमचे संयुग असलेला रंग लेझरखाली उलट काळा पडू शकतो.

आरशाबाहेरचे हिशेब

परदेशी माहितीत न सापडणारा एक भाग आपल्या घरांचा आहे. तासलेले डोके पाश्चात्त्य शहरात फॅशन असते. इथे दारात आलेली मावशी पहिल्यांदा ‘घरी सगळे ठीक ना?’ असे विचारते, नाहीतर ‘तिरुपतीला जाऊन आलास का?’ असे. याउलट, लांब केसांत घनता भरून घेतलेल्या माणसावर वडिलांच्या दिवसांत क्षौर करायची वेळ आली, तर केसांखाली लपलेले ठिपक्यांचे आकार सगळ्या भावकीसमोर उघडे पडतात. दहा-वीस वर्षांच्या मुदतीत ही वेळ बहुतेक पुरुषांवर येते. ठिपके टाकणाऱ्याने तो प्रश्न विचारला नाही तरी टाकून घेणाऱ्याने स्वतःला विचारावा.

लग्नाचा संदर्भही टळत नाही. मीरा रोडला 2020 मध्ये नवऱ्याने टक्कल लपवून लग्न केले म्हणून पत्नीने पोलिसांत तक्रार केली होती. तिथे विग होता. ठिपके विगसारखे काढून ठेवता येत नाहीत, पण जवळून, बोट फिरवल्यावर, ते कळतातच. जवळच्या माणसापासून लपवण्यासाठी हे तंत्र उपयोगाचे नाही.

पिकणाऱ्या केसांचा प्रश्नही उघडा आहे. चाळिशीत काळे ठिपके उरलेल्या काळ्या केसांशी जुळतात. पंचावन्नला दाढी आणि कानशिले पांढरी झाल्यावर काय? काही जण ठिपके फिके पडू देतात, काही दाढी रंगवतात, काही डोके पूर्ण गुळगुळीत तासून केसांचा रंगच चित्रातून बाद करतात. या पिढीतले सुरुवातीचे ग्राहक आता त्या वयाला पोहोचू लागले आहेत, आणि दीर्घकाळाचा पुरावा त्यांच्याच डोक्यांवर लिहिला जाणार आहे.

खर्चाचा हिशेब मांडताना जाहिरातीतला आकडा पुरेसा नसतो. पहिल्या बैठकांचे पैसे, काही वर्षांनी पुन्हा हात फिरवण्याचे पैसे, आणि तासलेला देखावा हवा असेल तर आठवड्यात तीन-चार वेळा मशीन मारण्याचे कष्ट, हे तिन्ही धरावे लागतात.

ज्याचा विचार पक्का होत आला आहे त्याने आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून केसगळतीचे निदान नावानिशी लिहून घ्यावे. नंतर न्हाव्याकडे जाऊन झिरो मशीन मारावी आणि दोन-तीन महिने तसेच राहून पाहावे. काहींना तेवढ्यानेच बरे वाटते आणि सुईची गरज संपते. ज्यांना वाटत नाही त्यांनी कलाकाराकडे आजच्या कामाचे नव्हे, चार-पाच वर्षांपूर्वीच्या कामाचे, उन्हात काढलेले फोटो मागावेत. रंगाच्या बाटलीवरचे नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्यावा, सुईचे सीलबंद पाकीट डोळ्यांसमोर उघडायला लावावे. आणि पहिल्या बैठकीत कपाळावरची रेषा मनात आहे त्याच्या बोटभर वर धरायला सांगावी : ती पुढच्या बैठकीत खाली आणता येते, वर न्यायची म्हटली तर लेझर लागतो.